टेड लिंडसे : ज्यानं मालकांकडे हिशेब मागितला

इयरफोन नीट लावा, कारण आज आपण बर्फावर जाणार आहोत. आणि बर्फावर जाऊन बोलणार आहोत पगाराबद्दल.

आधी एक प्रश्न. ऑफिसमध्ये तुमच्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या माणसाला पगार किती आहे, माहितीये? बहुतेकांना नसतं माहीत. विचारणं बरं दिसत नाही, आणि काही ठिकाणी तर जॉइन होतानाच बजावलेलं असतं की पगाराची चर्चा नको. आता दुसरा प्रश्न. यंदाच्या आयपीएल लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू कोण? हे मात्र शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. खेळाडूची किंमत टीव्हीवर, सगळ्या जगासमोर ठरते.

त्यामुळे आपल्याला वाटतं की खेळाडूंचं हे असंच असतं. भरपूर पैसा आणि सगळा उघड. पण १९५० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, एकाच टीममधल्या दोन खेळाडूंनाही एकमेकांचा पगार माहीत नसायचा. आणि एका माणसानं फक्त ‘आमच्या पैशांचा हिशेब दाखवा’ एवढं म्हटलं, म्हणून करिअरमधला सर्वोत्तम सीझन खेळून झाल्यावर त्याला टीममधून काढून टाकलं.

त्या माणसाचं नाव टेड लिंडसे. आजचा एपिसोड त्याच्यावर.

सहा टीम, सव्वाशे नोकऱ्या

टेडचा जन्म २९ जुलै १९२५ चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रेनफ्र्यू गावचा. वडील बर्ट लिंडसे स्वतः व्यावसायिक हॉकीतले गोलकीपर होते. म्हणजे खेळ घरातच होता. पुढे कुटुंब किर्कलँड लेकला गेलं. हे सोन्याच्या खाणींचं गाव. बाप खाणीत आणि पोरं बर्फावर, असं तिथलं आयुष्य. १९४४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, टेड डेट्रॉइट रेड विंग्ज या टीममध्ये दाखल झाला.

आता त्या काळची लीग कशी होती ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१९४२ ते १९६७ या काळात एनएचएलमध्ये फक्त सहा टीम होत्या. माँट्रियल, टोरांटो, बोस्टन, डेट्रॉइट, शिकागो आणि न्यूयॉर्क. सहा टीम म्हणजे सगळ्या मिळून सव्वाशेच्या आसपास खेळाडू. एवढ्या मोठ्या दोन देशांत या खेळातल्या वरच्या दर्जाच्या नोकऱ्या फक्त तेवढ्याच! खाली छोट्या लीगमध्ये शेकडो पोरं रांगेत उभी. त्यामुळे कुणी कुरकुर केली तर मालक म्हणायचा, ठीक आहे, जा, दुसरा आहे.

बरं, ‘जा’ म्हटलं तरी जायचं कुठे? सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर सही घेतली जायची. एकदा सही झाली की तो मुलगा त्या टीमचा. करार संपला तरी हक्क टीमकडेच. दुसरी टीम जास्त पैसे द्यायला तयार असली तरी खेळाडूनं आपणहून जायची सोय नव्हती. टीम मात्र त्याला हवं तेव्हा विकू शकत होती किंवा खालच्या लीगमध्ये पाठवू शकत होती.

आणि मालक तरी सहा वेगळे होते का? नॉरिस नावाच्या एका कुटुंबाचे पैसे डेट्रॉइटमध्ये होते, शिकागोमध्ये होते आणि न्यूयॉर्कची टीम जिथे खेळायची त्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही होते. लोक थट्टेनं म्हणायचे, ही लीग म्हणजे नॉरिसांची घरगुती स्पर्धा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पगाराच्या वाटाघाटी कशा व्हायच्या? एक उदाहरण सांगतो. डेट्रॉइटमध्ये गॉर्डी हाव नावाचा पोरगा आला. आइस हॉकीतल्या सर्वकाळच्या महान खेळाडूंपैकी एक. पहिला करार करताना त्यानं जास्तीचं काय मागितलं असेल? टीमचं जॅकेट! मॅनेजर जॅक अॅडम्ससमोर बसून ते पोरगं जॅकेट मागतंय आणि मॅनेजर खूश. एजंट नाही, वकील नाही. टेबलाच्या एका बाजूला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला सगळे आकडे माहीत असलेला माणूस.

टेरिबल टेड

अशा लीगमध्ये टेड लिंडसे काय चीज होता, ते बघू.

उंची पाच फूट आठ इंच. वजनही बेताचंच. पण समोरचा सहा फुटी असला तरी हा अंगावर जाणार. स्टिकनं, खांद्यानं, वेळ पडली तर मुठीनं. चेहऱ्यावर शेकडो टाके पडले. लोकांनी नाव ठेवलं ‘टेरिबल टेड’. करिअर संपेपर्यंत शिक्षा म्हणून तब्बल १,८०८ मिनिटं तो पेनल्टी बॉक्समध्ये बसला. पण तो नुसता भांडकुदळ नव्हता हं! १,०६८ सामन्यांत ३७९ गोल आणि ४७२ असिस्ट. १९४९-५० च्या सीझनमध्ये अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण टेडचे. दुसऱ्या क्रमांकावर त्याच्याच टीमचा सिड अबेल आणि तिसऱ्यावर गॉर्डी हाव. हे तिघं एकाच फळीत खेळायचे. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, म्हणून लोकांनी या फळीला ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणायला सुरुवात केली.

या टीमनं सलग सात सीझन गुणतक्त्यात पहिला क्रमांक राखला आणि चार वेळा स्टॅन्ली कप जिंकला : १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५.

१९५० चा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कप जिंकल्यावर तो टेबलावर ठेवला होता. टेडनं तो उचलला आणि थेट प्रेक्षकांकडे गेला. रिंकच्या कडेकडेनं, लोकांना जवळून बघता यावा म्हणून. आज जिंकलेली प्रत्येक टीम कप घेऊन बर्फावर फेरी मारते, त्या प्रथेचं श्रेय टेडला दिलं जातं. असं का केलं, याचं त्यानं नंतर सांगितलेलं कारण साधं होतं. आमचा पगार मालक देत नाहीत, तिकीट काढून येणारे हे लोक देतात. बघा, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हापासून होता.

आणि हिंमत? १९५६ च्या प्लेऑफमध्ये टोरांटोला सामना होता. निनावी धमकी आली, की लिंडसे आणि हाव बर्फावर उतरले तर गोळ्या घालू. दोघंही उतरले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि विजयी गोल कुणी केला? टेडनं. मग त्यानं हातातली स्टिक बंदुकीसारखी धरली आणि टोरांटोच्या प्रेक्षकांवर रोखून गोळ्या झाडल्याचा अभिनय केला. म्हणजे भीती घालून गप्प बसणाऱ्यांपैकी हा नव्हे, हे मालकांना तेव्हाच कळायला हवं होतं.

पेन्शनची वही

एनएचएलनं १९४७ मध्ये खेळाडूंसाठी पेन्शन योजना सुरू केली. प्रत्येक खेळाडूनं आपल्या पगारातून वर्षाला ९०० डॉलर भरायचे. पुढे लीगनं ठरवलेला किमान पगार ७,००० डॉलर होता आणि तोही आंदोलनानंतर मिळालेला. यावरून ९०० डॉलर म्हणजे किती मोठा तुकडा, याचा अंदाज करा.

टेड या पेन्शन मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून गेला. त्यानं सरळ विचारलं : आमचे पैसे कुठे गुंतवलेत, मालक किती भरतात, वही दाखवा. वही मिळाली नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

आता सामान्य माणूस इथे काय करतो? ‘जाऊ दे ना’ म्हणतो. पगार मिळतोय, नाव होतंय, कशाला वाकड्यात शिरा. टेड तर स्टार होता, डेट्रॉइटचा कॅप्टन होता. शिवाय टीममधल्या मार्टी पॅव्हलिचबरोबर त्याचा मोटारींच्या सुट्या भागांचा धंदाही होता. त्याचं स्वतःचं काही अडत नव्हतं. पण मला वाटतं, नेमकं म्हणूनच तो बोलू शकला. ज्याचं घर हॉकीच्या पगारावरच चालतं, तो मॅनेजरचा मिंधा असतो. मॅनेजर जॅक अॅडम्सला हा धंदा खुपायचा तो काय उगाच नाही.

टेडनं बेसबॉलवाल्यांकडे चौकशी केली. त्यांची खेळाडू संघटना होती, त्यांना वकील होते. मग त्यानं ठरवलं, की आपणही संघटना काढायची.

पण यात एक मोठी अडचण होती. संघटना म्हणजे सहाही टीमच्या खेळाडूंनी एकत्र यायचं. आणि लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांशी सलगी चालायची नाही. त्यातून टेड म्हणजे बाकीच्या पाच टीमच्या डोळ्यांत सलणारा माणूस! ज्यांना त्यानं पाडलं, ज्यांच्याशी मारामाऱ्या केल्या, त्यांच्याकडेच तो आता जाणार. माँट्रियलचा डग हार्वी हा त्या काळचा सर्वोत्तम डिफेन्समन. त्याच्याशी टेड गुपचूप बोलला आणि हार्वी तयार झाला. मग बोस्टनचा फर्न फ्लॅमन, शिकागोचा गस मॉर्टसन, टोरांटोचा जिमी थॉमसन, न्यूयॉर्कचा बिल गॅड्सबी. प्रत्येकानं आपापल्या टीममध्ये सह्या गोळा केल्या. प्रत्येक खेळाडूकडून १०० डॉलर वर्गणी. लीगमधले जवळपास सगळे खेळाडू सामील झाले आणि मालकांना पत्ता नाही! ज्या माणसाशी मैदानात कुणाचं पटत नाही, त्याच्या शब्दावर सगळे सही करतात, यावरून आत किती धग साठली होती ते कळतं.

फेब्रुवारी १९५७ मध्ये न्यूयॉर्कला घोषणा झाली : नॅशनल हॉकी लीग प्लेयर्स असोसिएशन. अध्यक्ष टेड लिंडसे, उपाध्यक्ष डग हार्वी. मागण्या साध्या होत्या. पेन्शनची माहिती द्या. किमान पगार ठरवा. टीव्हीवर सामने दिसायला लागलेत, त्यातून येणाऱ्या पैशांचं काय ते बोला. एका टीममधून दुसरीकडे पाठवलं तर बिऱ्हाड हलवायचा खर्च द्या.

शिकागोचं तिकीट

मालक हादरले. पण त्यांनी चर्चा केली नाही. त्यांनी एकेकाला गाठलं.

त्या १९५६-५७ च्या सीझनमध्ये टेडनं ३० गोल आणि ५५ असिस्ट केले होते. वय एकतीस आणि करिअरमधले सर्वाधिक गुण. लीगमध्ये त्याच्यापुढे फक्त गॉर्डी हाव. कोणती टीम अशा खेळाडूला सोडेल? जॅक अॅडम्सनं सोडला. जुलै १९५७ मध्ये टेडला शिकागोला पाठवण्यात आलं. सोबत तरुण गोलकीपर ग्लेन हॉल. टोरांटोच्या जिमी थॉमसनलाही त्याच्या मालकानं शिकागोलाच विकलं.

शिकागोच का? तर ती कित्येक वर्षं तळाला असलेली टीम होती. हॉकीतली काळ्या पाण्याची शिक्षाच म्हणा ना. आणि ती टीम होती नॉरिस कुटुंबातल्याच दुसऱ्या भावाची. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

एवढ्यावर भागलं नाही. अॅडम्सनं पत्रकारांना टेडचा म्हणून एक करार दाखवला. त्यावर खऱ्या पगारापेक्षा कितीतरी फुगवलेला आकडा होता. बघा, एवढा पगार घेतो आणि तरी रडतो! वाचणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला काय वाटलं असेल? इथे पगार गुप्त ठेवण्याचा खरा फायदा दिसतो. खरा आकडा कुणालाच माहीत नसला, की खोटा आकडा सहज खपतो.

मग अॅडम्स डेट्रॉइटच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला. नोव्हेंबर १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून बाहेर पडायचं ठरवलं. टेडची स्वतःची जुनी टीम! त्यात गॉर्डी हावही होता. तरुणपणी टेड आणि गॉर्डी एकाच बोर्डिंग हाऊसमध्ये राहिलेले, एका फळीत खेळलेले, गोळ्यांची धमकी आली तेव्हा एकत्र बर्फावर उतरलेले. लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून गॉर्डी त्या दिवशी एक वाक्य बोलला असता तर पारडं फिरलं असतं, असं अनेकांचं मत आहे. तो गप्प राहिला.

मी यावर बराच विचार केला. गॉर्डी भित्रा होता का? बर्फावर तर अजिबात नव्हता. पण मैदानात अंगावर येणाऱ्याला तोंड देणं आणि ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याच्या डोळ्यांत बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये खाली मान घातलेली असते, आठवून बघा.

डेट्रॉइट फुटल्यावर माँट्रियलही बाहेर पडलं. संघटनेनं लीगवर खटला भरला होता. शेवटी फेब्रुवारी १९५८ मध्ये फ्लोरिडात समझोता झाला. किमान पगार ७,००० डॉलर, पेन्शनमध्ये मालकांचा जास्त वाटा, दुखापतीच्या उपचारांची सोय आणि आणखी काही सवलती मिळाल्या. बदल्यात संघटना बंद. म्हणजे पोरांच्या हातात काहीतरी पडलं, पण उद्या ते कमी केलं तर विचारणारं कुणी उरलं नाही. पेन्शनची वही? ती कपाटातच राहिली.

टेड शिकागोला तीन सीझन खेळला आणि १९६० मध्ये निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी त्या ग्लेन हॉलच्या गोलकीपिंगवर शिकागोनं कप जिंकला. आणि डेट्रॉइट? १९५५ नंतर त्यांना कप मिळायला १९९७ उजाडलं. बेचाळीस वर्षं! सगळा दोष त्या एका ट्रेडला देता येणार नाही, पण योगायोग मोठा आहे.

वही उघडली

टेडची पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६४ मध्ये, निवृत्तीनंतर चार वर्षांनी, तो एकोणचाळिसाव्या वर्षी डेट्रॉइटसाठी पुन्हा उतरला. आता तिथे सूत्रं होती जुन्या साथीदाराकडे, सिड अबेलकडे. एक सीझन खेळला, १४ गोल केले आणि आपल्या टीमच्या जर्सीत निवृत्त झाला. १९६६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, पण सोहळ्याची मेजवानी फक्त पुरुषांसाठी होती. टेड म्हणाला, बायकामुलांना येता येणार नसेल तर मीही येत नाही. आणि खरंच गेला नाही. पुढे तो नियम बदलला.

१९६७ मध्ये खेळाडूंची नवी संघटना आली, तीच आजही आहे. तिचा प्रमुख झाला अॅलन ईगलसन नावाचा वकील. त्यानंही खेळाडूंचेच पैसे लाटले. १९९८ मध्ये त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. म्हणजे हिशेब फक्त मालकाकडे मागून भागत नाही, आपल्या नेत्याकडेही मागावा लागतो.

आणि गॉर्डी हाव? १९६८ मध्ये नव्यानं टीममध्ये आलेल्या बॉबी बॉननं त्याला सांगितलं की माझा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे. वर्षानुवर्षं गॉर्डीला सांगितलं गेलं होतं की टीममध्ये सर्वाधिक पगार तुझाच. त्यानं विश्वास ठेवला होता.

१९९१ मध्ये सात माजी खेळाडू पेन्शनच्या पैशांसाठी कोर्टात गेले. फंडात साठलेली जास्तीची रक्कम लीगनं मालकांचा भार हलका करायला वापरली, असा त्यांचा दावा होता. १९९२ मध्ये ऑन्टारिओच्या कोर्टानं खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला. लीगनं अपील केलं. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकायलाच नकार दिला. चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम निवृत्त खेळाडूंकडे परत आली. त्या सात फिर्यादींमध्ये एक नाव होतं गॉर्डी हाव.

टेडनं १९५० च्या दशकात जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर खेळाडूंना तेव्हा मिळालं. दरम्यान कितीतरी जण म्हातारे झाले, काही गेलेही.

२०१० पासून एनएचएलमध्ये ‘टेड लिंडसे अवॉर्ड’ दिला जातो. सीझनमधला सर्वोत्तम खेळाडू कोण, हे यात पत्रकार किंवा मालक ठरवत नाहीत, खेळाडू स्वतः मत देऊन ठरवतात. पहिल्यांदा या नावानं तो मिळाला अलेक्झांडर ओवेच्किनला. टेड ४ मार्च २०१९ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी गेला. ज्यांचे करार आज कोट्यवधी डॉलरचे आहेत आणि सगळ्यांना माहीत आहेत, त्या पोरांनी त्याला निरोप दिला.

या गोष्टीतून मी काय घेतलं ते सांगतो. १९५७ मध्ये टेड हरला, हे खरंच आहे. टीम गेली, मित्र गेला, संघटना गेली. पण त्याला हरवायला मालकांना जे करावं लागलं, त्यातून एक गोष्ट उघड झाली. त्यांना संपाची भीती नव्हती एवढी, वही उघडण्याची होती. तेव्हा तुमच्या पगारातून पीएफ कापला जातो ना? तो खात्यात जमा होतो का, हे शेवटचं कधी तपासलंत? मोबाइल हातातच आहे. एपिसोड संपला की बघा.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. ऐकून झालं असेल तर शेजारच्या डेस्कवरच्या त्या मित्रालाही लिंक पाठवा. आणि पगार विचारायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.